९५ डॉलरचा सौदा : मंजुरीची फाईल जळगावातून वाचताना

खानदेशातली मुलं पुण्याला, बंगळुरूला नोकरीला लागली तरी प्राप्तिकराचं रिटर्न बहुतेकांचं गावाकडेच भरलं जातं. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, रावेर इथल्या अशा घरांमधल्या अमेरिकन शेअर्सचे हिशेब आमच्या जळगावच्या ऑफिसात येतात. २०२२ पासून त्यांत एक नाव वारंवार दिसायला लागलं : अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ आणि ‘कँडी क्रश’वाली कंपनी. १८ जानेवारी २०२२ ला मायक्रोसॉफ्टने ती ६८.७ अब्ज डॉलरला घेणार असल्याचं जाहीर केलं. प्रत्येक शेअरला ९५ डॉलर, तेही पूर्ण रोख. आदल्या शुक्रवारी शेअर ६५ डॉलरच्या आसपास होता. घोषणेनंतर तो ८२ वर गेला आणि तिथेच अडकला.

पक्षकार विचारत होते ते बरोबरच होतं. घेणाऱ्याकडे पैसा आहे, भाव ठरलाय, मग बाजार ८२ च का देतोय? मधल्या १३ डॉलरमध्ये मंजुरीची (म्हणजे बाजारातली स्पर्धा मारली जात नाही ना हे पाहणाऱ्या सरकारी नियामकांच्या होकाराची) जोखीम आणि वाट पाहण्याचं व्याज असं दोन्ही होतं. ही मंजुरी मिळायला जवळपास २१ महिने लागले. त्या काळात आम्ही कोणते कागद वाचले, कोणत्या क्रमाने वाचले आणि कुठे लोकांची फसगत होते, ते इथे लिहितो आहोत. शेअर घ्या किंवा विका असा सल्ला यात नाही.

आधी करार, मग बातमी

असा सौदा जाहीर झाला की विलीनीकरणाचा मूळ करार अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनच्या ‘एडगर’ या सार्वजनिक संकेतस्थळावर येतो. फुकट मिळतो आणि शंभरएक पानांचा असतो. सगळा वाचायची गरज नसते. सौदा पूर्ण होण्याच्या अटी, शेवटची तारीख, मोडल्यास कोणी कोणाला किती द्यायचे, आणि मंजुरीसाठी घेणाऱ्याने कुठवर झुकायचं, एवढी कलमं पुरतात.

रावेर-यावलकडे भोगवटादार वर्ग दोनची जमीन घेताना आधी साठेखत होतं, त्यात कलेक्टरच्या परवानगीची अट असते, मुदत असते आणि इसार दिलेला असतो. परवानगी मुदतीत आली तर खरेदीखत, नाही आली तर इसाराचं काय हे साठेखतातच लिहिलेलं. कोट्यवधी डॉलरचा करार हाडाने असाच असतो. फरक इतकाच की इथे मंजुरी नाही आली तर इसार घेणाऱ्याने सौदा मोडल्यावर द्यायचा होता, आणि तो वेळेबरोबर चढत जाणारा होता : १८ जानेवारी २०२३ च्या आत मोडल्यास २ अब्ज डॉलर, त्यानंतर १८ एप्रिलपर्यंत अडीच अब्ज, आणि पुढे ३ अब्ज. शेवटची तारीख मुळात १८ जानेवारी २०२३ होती. मंजुऱ्या बाकी असल्या तर तीन-तीन महिन्यांनी दोनदा पुढे जाऊन ती १८ जुलै २०२३ ला थांबत होती.

ही १८ जुलै आम्ही पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायला सांगत होतो. पुढे जे घडलं त्यातलं निम्मं या तारखेशिवाय समजतच नाही. नियामकाला प्रत्येक वेळी सौदा कायद्याने हाणून पाडावा लागत नाही, मुदत उलटेपर्यंत धरून ठेवला तरी पुरतं.

भागधारकांची मंजुरी हा सगळ्यांत सोपा टप्पा. २८ एप्रिल २०२२ ला ९८ टक्क्यांहून जास्त मतांनी ठराव झाला. दोन दिवसांनी वॉरन बफे यांनी ओमाहाच्या सभेत सांगितलं की त्यांच्या बर्कशायर कंपनीने अ‍ॅक्टिव्हिजनचे सुमारे साडेनऊ टक्के शेअर धरलेत, आणि ते या भावफरकासाठीच. त्यानंतर आमच्याकडचे फोन वाढले. पण बर्कशायरचा तो छोटा डाव होता, नोकरदाराच्या बचतीचा मोठा हिस्सा नव्हता. हा फरक फोनवर पटवणं कठीणच जातं.

कोणाच्या ‘हो’ला किंमत आहे?

मोठ्या सौद्याला डझनभर देशांत अर्ज करावे लागतात, पण सगळ्यांचं वजन सारखं नसतं. ऑगस्ट २०२२ मध्ये सौदी अरेबियाने हो म्हटलं, ऑक्टोबरमध्ये ब्राझीलने कोणतीही अट न घालता, मग सर्बिया, चिली, मार्च २०२३ मध्ये जपान, पुढे दक्षिण आफ्रिका. प्रत्येक वेळी ‘आणखी एका देशाची मंजुरी’ अशी बातमी यायची आणि शेअर जागचा हलायचा नाही. बाजाराचे डोळे वॉशिंग्टन, ब्रसेल्स (म्हणजे युरोपीय आयोग) आणि लंडनवर होते.

या तिघांची कामाची पद्धत मुळातच वेगळी आहे. अमेरिकेत अर्ज केला की ३० दिवसांचा थांबा. त्या काळात फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने, जास्त माहिती मागवली तर तिला सेकंड रिक्वेस्ट म्हणतात, आणि ती पुरी होईपर्यंत घड्याळ थांबतं. मार्च २०२२ मध्ये ती आली. लाखो ई-मेल, किमतींची पत्रकं, अंतर्गत सादरीकरणं असं सगळं त्यात द्यावं लागतं, त्यामुळे महिने जातात. अर्जाची फी त्या वेळी जास्तीत जास्त २ लाख ८० हजार डॉलर होती. २०२३ मध्ये ५ अब्ज डॉलरच्या वरच्या सौद्यांना ती साडेबावीस लाख डॉलर झाली. ब्रिटनमध्ये मोठ्या कंपनीसाठी तेव्हा १ लाख ६० हजार पौंड. ब्रसेल्समध्ये फीच नाही. सौद्याच्या आकारापुढे या रकमा किरकोळ आहेत. खरा खर्च वकिलांचा, अर्थशास्त्रज्ञांचा आणि वेळेचा.

इथे आपल्याकडच्या वाचकाचा हमखास गोंधळ होतो. ८ डिसेंबर २०२२ ला एफटीसीने तीन विरुद्ध एक मताने सौद्याविरुद्ध तक्रार दाखल केली आणि मराठी-हिंदी बातम्यांत ‘अमेरिकेने सौदा रोखला’ असं छापून आलं. तसं काहीच झालं नव्हतं. ती तक्रार एफटीसीच्याच अंतर्गत न्यायाधीशापुढे होती आणि तिची सुनावणी २ ऑगस्ट २०२३ ला ठेवली होती. अशा तक्रारीने सौदा आपोआप थांबत नाही. थांबवायचा तर फेडरल कोर्टातून मनाई हुकूम आणावा लागतो, आणि तो एफटीसीने तेव्हा मागितलाच नव्हता. सुनावणी २ ऑगस्टची, कराराची मुदत १८ जुलैची. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्यावर डाव कळतो. बाकीचे नियामकच सौदा अडवतील आणि आपल्याला कोर्टात जावंच लागणार नाही, असा हिशेब असावा असं आम्हाला तेव्हाही वाटत होतं.

ब्रसेल्सचं वेळापत्रक नीट आखलेलं असतं : पहिला टप्पा २५ कामकाजी दिवस, दुसरा ९०, आणि कंपनीने उपाय सुचवले तर त्यात वाढ. ३० सप्टेंबर २०२२ ला अर्ज, ८ नोव्हेंबरला सखोल चौकशी, फेब्रुवारीत हरकतींचं निवेदन. तारखा आधीच जाहीर असल्याने यांच्याबाबत अंदाज बांधणं त्यातल्या त्यात सोपं.

लंडनची फाईल

सगळ्यांत जास्त शिकवलं ते ब्रिटनच्या कॉम्पिटिशन अँड मार्केट्स अथॉरिटीने, सीएमएने. एक कारण म्हणजे त्यांचे बहुतेक कागद जाहीर होतात : हरकती, उत्तरं, गोपनीय आकडे काळे करून अहवाल. सर्वसामान्य गेमर्सनी पाठवलेल्या दोन हजारांवर ई-मेलचा गोषवारासुद्धा त्यांनी छापला. आपल्याकडे कॉमर्स आणि लॉ शिकणाऱ्या मुलांना ही फाईल वाचायला द्यावी असं आम्ही आजही म्हणतो.

टप्पे असे. पहिला ४० कामकाजी दिवसांचा. तो १ सप्टेंबर २०२२ ला संपला आणि ‘चिंता आहे’ असं निघालं. मग कंपनीला उपाय सुचवायला पाच कामकाजी दिवस मिळतात. मायक्रोसॉफ्टने ते वापरले नाहीत, म्हणून १५ सप्टेंबरला फाईल दुसऱ्या टप्प्यात गेली. तिथे २४ आठवडे आणि फार तर ८ आठवड्यांची वाढ. मूळ मुदत १ मार्च २०२३, वाढवून २६ एप्रिल.

चौकशीचा गाभा एकाच प्रश्नाचा होता. मायक्रोसॉफ्टकडे एक्सबॉक्स हे गेम खेळायचं यंत्र, म्हणजे कन्सोल, आहे. उद्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हातात आल्यावर तो गेम सोनीच्या प्लेस्टेशनला देणं बंद केलं किंवा अर्धवट दिला तर? हे नियामक तीन पायऱ्यांवर तपासतात : जमेल का, परवडेल का, आणि झालं तर बाजाराचं नुकसान होईल का. जमेल का, याचं उत्तर उघड होतं. गेम आपलाच असल्यावर कोण अडवणार? सगळं घोडं ‘परवडेल का’वर अडलं होतं, आणि तिथे हिशेबाची चूक पकडली गेली.

८ फेब्रुवारी २०२३ च्या तात्पुरत्या निष्कर्षात सीएमएने म्हटलं होतं की गेम अडवून ठेवणं मायक्रोसॉफ्टला फायद्याचं ठरेल. मायक्रोसॉफ्टने उत्तरात दाखवलं की या गणितात एक्सबॉक्सकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाकडून पाच वर्षांत मिळणारा फायदा धरलाय, पण प्लेस्टेशनवर बुडणाऱ्या विक्रीचा तोटा एकाच वर्षाचा. याने किती फरक पडतो ते काल्पनिक आकड्यांनी पाहू. प्लेस्टेशनवर १०० खेळाडू आहेत आणि प्रत्येकाकडून वर्षाला १०० रुपये मिळतात. एक खेळाडू एक्सबॉक्सवर आला तर पाच वर्षांत ५०० रुपये मिळतात. तोटा एका वर्षाचा धरला तर १०,००० रुपये, म्हणजे २० खेळाडू फुटून आले तरी हिशेब जुळतो. तोटाही पाच वर्षांचा धरला तर ५०,००० रुपये, म्हणजे शंभरच्या शंभर यावे लागतील. एका रकान्यात पाच, दुसऱ्यात एक, आणि निकाल उलटा. ऑडिटमध्ये आम्ही हेच तपासत असतो, म्हणून ते उत्तर वाचताना मजा आली हे कबूल.

२४ मार्च २०२३ ला सीएमएने कन्सोलबद्दलची चिंता मागे घेतली. शेअर चढला, फोन वाजले, सगळ्यांना वाटलं झालं काम. अहवालात तोवर दुसरा मुद्दा शिल्लक होता आणि त्याकडे कोणी फारसं पाहत नव्हतं : क्लाउड गेमिंग. यात गेम आपल्या मशीनवर चालत नाही. तो दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि चित्र इंटरनेटवरून आपल्यापर्यंत येतं. हा बाजार तेव्हा लहान होता, पण त्यात मायक्रोसॉफ्टचा जगभरातला वाटा ६० ते ७० टक्के असल्याचा सीएमएचा अंदाज होता. कन्सोलच्या बाजारात सोनी तगडी आहे. इथे समोर तोलामोलाचं कोणी नव्हतं.

मायक्रोसॉफ्टने या बाजूने वचनांची माळ लावली होती. फेब्रुवारीत निन्टेन्डो आणि एनव्हिडियाशी दहा वर्षांचे करार झाले, मग बूस्टरॉइडसारख्या छोट्या क्लाउड कंपन्यांशी. सीएमएला हे पुरलं नाही, आणि का पुरलं नाही हे समजून घेण्यासारखं आहे. ‘आम्ही दहा वर्षं असं वागू’ हा वागणुकीचा उपाय झाला. त्यावर दहा वर्षं लक्ष ठेवायचं कोणी? नवा धंद्याचा प्रकार निघाला, जो करारात नाही, तर काय? सीएमएला रचनेचा उपाय आवडतो, म्हणजे मालमत्ता किंवा हक्क कायमचे दुसऱ्याच्या हातात द्यायचे आणि देखरेखीची गरजच ठेवायची नाही. २६ एप्रिल २०२३ ला त्यांनी सौद्याला बंदी घातली.

त्या दिवशी शेअर ८७ च्या आसपासवरून ७७ च्या आसपास आला, एका दिवसात ११ टक्के. अमळनेरहून एका पक्षकाराचा फोन : ‘‘काय व्हयनं भाऊ, सौदा मोडना का?’’ मोडला नव्हता. पण खरंच सांगायचं तर त्या आठवड्यात मोडेल असं मानणारे जास्त होते.

७७ या भावात काय दडलं होतं

बाजार सौदा होण्याची शक्यता किती धरतोय, हे काढायचं सूत्र साधं आहे. चालू भावातून ‘सौदा मोडल्यास भाव’ वजा करा आणि त्या उत्तराला ९५ वजा ‘सौदा मोडल्यास भाव’ याने भागा. मोडल्यावर शेअर ६५ ला जाईल असं धरलं तर ७७ वजा ६५ म्हणजे १२, भागिले ३०, म्हणजे ४० टक्के. तोच भाव ७२ धरला तर ५ भागिले २३, म्हणजे जेमतेम २२ टक्के. सगळी गोम या एका आकड्यात आहे, आणि तो कोणीच छापत नाही.

बहुतेक लोक घोषणेआधीचे ६५ धरतात. ते चुकीचं, कारण मधल्या काळात कंपनी बदललेली असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या तिच्या ‘मॉडर्न वॉरफेअर टू’ या गेमने दहा दिवसांत १ अब्ज डॉलरची विक्री ओलांडली. जून २०२३ मध्ये ‘डायब्लो फोर’ने पाच दिवसांत ६६.६ कोटी डॉलर. त्यातच सौदा मोडला तर कंपनीला मायक्रोसॉफ्टकडून ३ अब्ज मिळणार होते. म्हणजे खाली जमीन ६५ पेक्षा वर होती, धोका दिसतो त्यापेक्षा कमी होता, आणि त्याच वेळी बाजाराला मंजुरीची आशाही दिसते त्यापेक्षा कमी होती. ही दोन्ही वाक्यं एकाच भावातून निघतात.

जूनअखेरचे पाच दिवस

१५ मे ला ब्रसेल्सने हो म्हटलं. लंडनला जे वचन अपुरं वाटलं तेच त्यांना चाललं : युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकाने अ‍ॅक्टिव्हिजनचा गेम विकत घेतला असेल तर तो हव्या त्या क्लाउड सेवेवर खेळण्याचा फुकट परवाना, दहा वर्षांसाठी. कागद तेच, वकील तेच, निकाल मात्र दोन. त्याच महिन्यात चीन आणि दक्षिण कोरियाचीही मंजुरी आली.

आता एफटीसीला हलावं लागलं. लंडनची बंदी असूनही कंपन्या सौदा उरकून टाकतील या भीतीने १२ जूनला ती सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात गेली. तात्पुरती स्थगिती लगेच मिळाली आणि न्यायाधीश जॅकलिन स्कॉट कोर्ली यांच्यापुढे २२ ते २९ जूनदरम्यान पाच दिवस सुनावणी झाली. हा खटला कागदावर फक्त तात्पुरत्या मनाईचा होता. प्रत्यक्षात तोच अखेरचा होता, कारण मनाई मिळाली असती तर १८ जुलै उलटली असती आणि सौदा बहुधा गळून पडला असता.

कागदपत्रांच्या हाताळणीचा एक किस्सा याच सुनावणीतला. सोनीच्या बाजूच्या एका निवेदनातले गोपनीय आकडे काळ्या मार्करने खोडून स्कॅन केले होते. स्कॅनमध्ये मार्करखालचं वाचता येत होतं, आणि सोनीच्या एका मोठ्या गेमचा निर्मितीखर्च, तब्बल २२ कोटी डॉलर, जगाला कळला. आपल्याकडेही आधार क्रमांक पेनाने खोडून पीडीएफ पाठवणारे कमी नाहीत. खोडायचं असेल तर मजकूर काढून टाका, वर शाई फासू नका.

११ जुलैला ५३ पानांचा निकाल जाहीर झाला आणि मनाई नाकारली गेली. तीन दिवसांनी अपील कोर्टानेही स्थगिती दिली नाही. निकालाच्या दिवशीच शेअर १० टक्के चढून ९० च्या पुढे गेला होता. १६ जुलैला सोनीनेही ‘कॉल ऑफ ड्यूटी’साठी दहा वर्षांचा करार केला. एवढा वेळ तीच सगळ्यांत मोठी विरोधक होती. दार बंद होताना पाहिलं की माणूस सही करतो.

एक आडवळण : १७ जुलैपासून अ‍ॅक्टिव्हिजन नॅस्डॅक-१०० निर्देशांकातून वगळली गेली. सौदा होणार असं गृहीत धरून. पण तो त्या आठवड्यात झाला नाही.

मुदत वाढली, सौदा बदलला

१८ जुलै आली तेव्हा लंडनचा अडथळा तसाच होता. दोन्ही कंपन्यांनी पत्र करून मुदत १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. हे पत्रही एडगरवर आहे आणि त्यातले आकडे बोलके आहेत : मोडल्यास देय रक्कम ३ वरून साडेतीन अब्ज, १५ सप्टेंबरनंतर साडेचार अब्ज. शिवाय अ‍ॅक्टिव्हिजनला प्रत्येक शेअरमागे ९९ सेंट लाभांश द्यायची मुभा. घेणारा इतकी रक्कम वाढवून द्यायला तयार असेल तर त्याला मंजुरीची खात्री वाटते, असा अर्थ आम्ही तेव्हा लावला होता.

ब्रिटिश कायद्यात बंदी आल्यावर अपील फक्त निर्णयप्रक्रियेवर होतं. न्यायाधिकरण ‘आम्हाला उलट वाटतं’ म्हणून मंजुरी देऊ शकत नाही. म्हणून कोर्टाचा रस्ता बाजूला ठेवून मायक्रोसॉफ्टने सौद्याचाच आकार बदलला. २२ ऑगस्टला सीएमएने जुन्या सौद्यावर अंतिम बंदीचा आदेश काढला आणि त्याच दिवशी नव्या सौद्याचा अर्ज घेतला. नव्या रचनेत अ‍ॅक्टिव्हिजनच्या सध्याच्या आणि पुढच्या १५ वर्षांत येणाऱ्या सगळ्या गेम्सचे क्लाउड हक्क, युरोपीय आर्थिक क्षेत्र वगळून, फ्रान्सच्या युबिसॉफ्ट या गेम कंपनीकडे गेले. हक्क विकले, वचन दिलं नाही. लंडनला हवा होता तो रचनेचा उपाय हाच.

नव्या अर्जावर पुन्हा ४० कामकाजी दिवस, मुदत १८ ऑक्टोबर. कराराची नवी तारीखही तीच. २२ सप्टेंबरला सीएमएने दार किलकिलं केलं, युबिसॉफ्टला दिलेल्या हक्कांची अंमलबजावणी करून घेण्याची सोय मागितली, आणि १३ ऑक्टोबर २०२३ ला अंतिम मंजुरी दिली. सौदा त्याच दिवशी पूर्ण झाला. एफटीसीचं अपील मात्र पुढे रेंगाळत राहिलं. मे २०२५ मध्ये अपील कोर्टात ते हरले आणि त्याच महिन्यात तक्रार मागे घेतली गेली. भागधारकाचा तोवर संबंध संपलेला होता.

भारतात असा सौदा आता आला तर? १० सप्टेंबर २०२४ पासून भारतीय स्पर्धा आयोगापुढे सौद्याच्या किमतीची मर्यादा लागू झाली आहे : २,००० कोटी रुपयांहून मोठा सौदा आणि ज्या कंपनीची खरेदी होते तिचा भारतात भरीव कारभार. डिजिटल सेवेसाठी तिच्या जगभरातल्या वापरकर्त्यांपैकी १० टक्के किंवा जास्त भारतात असले तरी तो भरीव धरला जातो. मोबाइलवर खेळणाऱ्यांची आपली संख्या पाहता गेमिंग कंपन्यांना हे कलम सहज लागू शकतं. पहिल्या टप्प्याला ३० दिवस, एकूण मर्यादा १५० दिवस, आणि फी छोट्या अर्जाला ३० लाख, मोठ्याला ९० लाख रुपये.

पैसे आल्यावर

सौदा पूर्ण झाल्यावर शेअर खात्यातून दिसेनासे होतात आणि काही कामकाजी दिवसांत प्रत्येकी ९५ डॉलर जमा होतात. अपूर्णांकातल्या शेअरचेही त्याच दराने. आपल्याला विक्रीचा आदेश द्यावा लागत नाही, आणि नेमकी तिथेच गडबड होते. ब्रोकरच्या वार्षिक अहवालात हा व्यवहार अनेकदा विक्रीच्या यादीत नसतो, कॉर्पोरेट अ‍ॅक्शनच्या वेगळ्या पानावर असतो. विक्रीची यादी तेवढी घेऊन रिटर्न भरलं की भांडवली नफा सुटतो.

नफ्यावरच्या कराचं गणित लोक आधी करत नाहीत. परदेशी शेअर दीर्घ मुदतीचा ठरायला २४ महिने लागतात. घोषणेनंतर, म्हणजे जानेवारी २०२२ नंतर ज्याने घेतला, त्याला ऑक्टोबर २०२३ पर्यंत २१ महिनेही झाले नव्हते. म्हणजे भावफरकासाठी शिरलेल्या प्रत्येकाचा नफा अल्प मुदतीचा, स्लॅबप्रमाणे करपात्र. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाने घोषणेच्या दिवशीच हे लिहून ठेवायला हवं होतं.

त्यात रुपया. समजा ८० डॉलरला शेअर घेतला तेव्हा डॉलर ७५ रुपये होता आणि शेवटी ८३. खरेदी ६,००० रुपये, मिळाले ७,८८५. डॉलरमध्ये नफा १९ टक्क्यांच्या आत, रुपयांत ३१ टक्क्यांहून जास्त, आणि कर रुपयांतल्या नफ्यावर. विक्रीची रक्कम रुपयांत आणताना स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट (बँक डॉलर विकत घेते तो दर) आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा घ्यायचा, म्हणजे इथे ३० सप्टेंबर २०२३ चा. पैसे जमा झाले त्या दिवशीचा घेतला की आकडा चुकतो.

लाभांशाचं वेगळं. आपण अमेरिकेचे रहिवासी नाही हे सांगणारा डब्ल्यू-८ बेन फॉर्म ब्रोकरकडे भरलेला असेल तर अमेरिका २५ टक्के कापून घेते. तो कर इथल्या करातून वळता करायचा तर फॉर्म ६७ भरावा लागतो. ९९ सेंटच्या लाभांशासाठी कोण एवढं करतो, असं म्हणणाऱ्यांना आम्ही रक्कम पाहून निर्णय घ्यायला सांगतो, पण उत्पन्न दाखवणं टाळता येत नाही.

९५ डॉलर ब्रोकरच्या खात्यात नुसते ठेवता येत नाहीत. ऑगस्ट २०२२ पासूनच्या नियमाने एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) पाठवलेले आणि गुंतवले न गेलेले पैसे १८० दिवसांत पुन्हा गुंतवायचे किंवा भारतात आणायचे. १३ ऑक्टोबर धरून मोजलं तर १० एप्रिल २०२४ च्या आसपास.

शेवटचा रकाना शेड्यूल एफए, म्हणजे रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता. तो आर्थिक वर्षावर चालत नाही, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असा चालतो. ‘शेअर तर ऑक्टोबरमध्येच गेले, मार्चअखेर काहीच नव्हतं’ असं म्हणून बऱ्याच जणांनी तो कोरा ठेवला होता. २०२३ मध्ये एक दिवस जरी शेअर हातात असला तरी निर्धारण वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये तक्ता ए-३ मध्ये ओळ हवी : सुरुवातीची किंमत, वर्षातली सर्वोच्च किंमत, लाभांश, मिळालेली रक्कम, आणि अखेरची शिल्लक शून्य. ब्रोकरकडचं खातं वेगळं, तक्ता ए-२ मध्ये. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली दंड १० लाख रुपये. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या स्थावर सोडून इतर मालमत्तेला यातून सूट मिळाली, पण ती दंडातून आहे. ओळ भरावीच लागते.